चढाला जो गिअर

गाडी मी उतारावरच लावते.
मल्हारपेठेत डेअरीसमोर, ढेबेवाडीत बँकेच्या वळणावर,
पाटणला दवाखान्यामागे, चिंचेखाली.
या तालुक्यातले उतार मला
माणसांच्या आडनावांपेक्षा जास्त पाठ आहेत.
स्टार्टर रुसला
की क्लच दाबून दुसरा टाकायचा,
हँडब्रेक सोडायचा
आणि जमीन नेईल तिकडे दहा पावलं जायचं.
मग क्लच सोडला की एक गचका, काळा धूर,
आणि अख्ख्या आळीला कळतं,
डॉक्टरीणबाई निघाल्या.

सोळा वर्षं झाली.
काचा हातानं फिरवते. डाव्या दाराची मूठ
कप्प्यात ठेवलेली असते, लागेल तेव्हा बसवायची.
एक पंखा आहे, त्याला मी एसी म्हणते.
मागं समोरासमोरच्या बाकड्यांमध्ये
दोरीनं आवळलेला नायट्रोजनचा कॅन,
त्यात गीर, खिलार, मुऱ्हा,
न जन्मलेली सगळी खिल्लारं
उणे एकशे शहाण्णववर गप्प.
वास डिझेलचा, डेटॉलचा, शेणाचा, तापलेल्या रेक्झिनचा.
बहीण म्हणते, तुलाही तोच येतो.
लग्नाकार्यात ती दोन खुर्च्या सोडून बसते.

कराडच्या शोरूममधला पोरगा म्हणाला,
मॅडम, एक्सचेंजला द्या,
नव्या मॉडेलला छतात खिडकी येते.
म्हटलं, माझ्याही आली होती,
दस्तगीरनं एम-सील लावून बुजवली.

दस्तगीर मुल्ला टॅपेट लावताना डोळे मिटतो.
लेक रुबीना पाना घेऊन उभी असते,
तिला म्हणतो, हात नको लावूस. आधी ऐक.
मीही ऐकते.
गाभण म्हशीच्या कुशीला कान लावून
असंच ऐकलंय कितीदा,
आत काय चाललंय ते
बाहेरून कुणी सांगत नाही.

माझ्या डायरीत डाव्या पानावर जनावरं, उजव्या पानावर गाडी.
डावीकडे : गुढे, जर्सी, वार अडकलेली, काढली.
उजवीकडे : क्रॉस वाजतोय.
डावीकडे : मोरेंची म्हैस पुन्हा उलटली.
उजवीकडे : फिल्टरमधलं पाणी काढलं, पाटा एक चिरलाय.
एकदा पहाटे दोनला, झोपेत, लिहिलं होतं,
पुढच्या डाव्या पायाला ग्रीस.

हे सगळं शिकवलं शिदूनाना डुबलांनी.
सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. मी नवी, तेवीस वर्षांची,
घाट उतरताना न्यूट्रल करायला गेले
तर हातावर चापट बसली.
"चढाला ज्यो गिअर, उताराला बी त्योच.
डिझेल वाचवाय निघालीस, आन् मान मोडून घिशील."
बाकी काही ते शिकवत नसत. बिडी ओढत बसत.

काल त्यांना आणायला सडावाघापूरला गेले.
डोळ्याचं ऑपरेशन, कराडला, अकरा वाजता.
मूठ बसवली, दार उघडलं,
त्यांनी आधी टायर दाबून पाहिला, मग बसले.
एसटीनं गेलो असतो, म्हणाले.
मग घाट लागेपर्यंत काहीच नाही.

पहिल्याच वळणाला दिसलं,
नानांचा डावा पाय
पुढं सरकून रबरी मॅट दाबत होता.
झिजलेली चप्पल, सुजलेला घोटा,
वळण आलं की दाबायचा, सुटलं की वर.
समोरचा रस्ता त्यांना दिसत नव्हता
धड. दरीही नव्हती दिसत.
तिसऱ्या वळणापासून मी थांबू लागले :
त्यांचा पाय दबायचा
तेव्हा माझा दबायचा.
गिअर मी टाकत होते,
क्लच नानांकडे होता.
असे आम्ही दोघं मिळून
दुसऱ्यावर उतरलो, ब्रेक तापू न देता,
खाली सपाटीला लागेपर्यंत.

"प्लेट घासलीया गं," एवढंच म्हणाले.

रात्री डायरी उघडली.
डावीकडे : शिदूनाना, सडावाघापूर, उजवा डोळा, ठीक.
उजवीकडे : क्लच प्लेट बघणे.